न सांगता बसणाऱ्या मुली

लोणावळा, रविवार, १७ एप्रिल १९३८

एखादी मुलगी कॉलेजात घेण्यालायक आहे, हे ओळखायचं कशावरून? मला माहीत नाही. हे इथं, या वहीत कबूल करते. कमिटीपुढं करणार नाही, कारण कमिटीतल्या दोघांनाही ते पक्कं माहीत आहे, आणि मला त्यांच्याहून कमी कळतं असं कुणी म्हटलेलं मला खपणार नाही.

कमिटी म्हणजे रावबहादूर केळशीकर आणि दमयंतीबाई. रावबहादूर शिक्षणखात्यातून डेप्युटी म्हणून पेन्शनीत निघाले. त्यांनी आयुष्यभर शाळा तपासल्या, म्हणजे आयुष्यभर शाळांच्या अंगणात खुर्ची टाकून मास्तरांच्या घरचं दूध प्याले. दमयंतीबाई या मुंबईच्या शेठजींच्या पत्नी. मुंबईत उकडायला लागलं की त्या इथल्या बंगल्यावर येतात आणि त्यांना खेड्यातल्या बायकांची दैना दिसू लागते. पावसाळा तोंडावर आला की बंगल्याला कुलूप लागतं, त्याबरोबर समाजसेवेलाही. यंदा मात्र शेठजींनी बंगल्यामागची इमारत आणि पैसे देऊन मुलींचं ट्रेनिंग कॉलेज काढलं आहे. मराठी सातवी झालेल्या मुली दोन वर्षं वसतिगृहात राहून शिकतील आणि मावळातल्या शाळांवर मास्तरीण म्हणून जातील. कल्पना चांगली आहे. चांगली कल्पना कुणाच्या हाती लागेल याचा नेम नसतो.

मी चिटणीस. बी.ए. झालेली, लोणावळ्याचीच आणि कष्टकऱ्याच्या घरची, या तीन गुणांमुळं माझी नेमणूक झाली. तिसरा गुण रावबहादूर पाहुण्यांना माझ्यादेखत सांगतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीपुढं गेलेलं नाही. तात्या, माझे वडील, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर आहेत. आई अजून वर्तमानपत्रात भाकरी बांधते आणि त्यातली माणसं कोण म्हणून मला विचारते.

हे मी रेल्वेच्या चाळीत, आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून लिहिते आहे. घरात एक वेताची खुर्ची आहे. विलायतेला परत जाताना शेडच्या साहेबानं ती तात्यांना दिली. तिच्यावर गोधड्यांची चळत असते. कुणी बडा माणूस आला तर गोधड्या उचलायच्या असं ठरलेलं आहे. अजून कुणी आलेला नाही.

गुरुवार, २१ एप्रिल

आज प्रवेशाचे नियम ठरले. मी जिंकले.

वय, सातवी पास, निरोगी प्रकृती, यांवर भांडण नव्हतंच. मग रावबहादुरांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते तत्त्वाचं बोलतात.

"तोंडी परीक्षेत शुद्ध उच्चाराला वीस गुण. 'न्हाई', 'व्हय' म्हणणारी मास्तरीण आपल्याला नको."

मी म्हटलं, "मग मावळातली एकही मुलगी आत येणार नाही, रावबहादूर."

"का बरं? लोणावळ्याच्या येतील की. पोस्टमास्तरांची आहे, स्टेशनातल्या क्लार्कची आहे."

"पण मास्तरणी पाठवायच्यात खेड्यात."

"शाळा खेड्यात आहे म्हणून मास्तरीणही खेडवळ हवी, असं कुठं आहे?" दमयंतीबाई म्हणाल्या. त्या हातपंख्यानं वारा घेत होत्या. बंगल्याच्या सोप्यावर इतका वारा होता की कागद उडत होते.

मी पेटलेच. म्हटलं, बोली कुणाच्या हातची नसते. बाणा मात्र आपल्या हातचा असतो, तो तपासा. खोलीत एक रिकामी खुर्ची ठेवा. मुलगी आत आली की कुणी 'बस' म्हणायचं नाही. जी आपल्या मनानं, न सांगता बसेल तिला आत्मविश्वासाचे वीस गुण. उभी राहील तिला शून्य. खुर्चीला जात नसते, गाव नसतं. पुण्याला कॉलेजात गेले त्या दिवशी प्रिन्सिपॉलबाईंसमोरच्या खुर्चीवर मी बसले, तोवर मला मी कुणी आहे असं वाटलंच नव्हतं. हेही सांगितलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. दमयंतीबाईंनी पंखा मिटला.

"अहो, फारच छान आहे हे. कुणाला काही बोलायलाच नको. आपोआप कळेल."

"खरंय," रावबहादूर म्हणाले. "मग उच्चाराचं कलम ठेवायची गरजच उरत नाही." आणि त्यांनी ते स्वतःच्या हातानं खोडलं!

इतक्या लवकर हरतील असं वाटलं नव्हतं. विचार करण्याची सवय नसलेल्या माणसांपुढं एक नवा विचार ठेवला की ती तो मुकाट गिळतात.

घरी आईला सांगितलं. ती तव्यापाशी होती.

"म्हंजी जी बसंल ती पास?"

"हो."

"आन् म्होरं कोन बसनार?"

"रावबहादूर, दमयंतीबाई, मी."

"पिकल्या केसाचा बाप्या म्होरं, आन् पोरीनं खुर्चीत बसायचं." तिनं भाकरी उलटली. "बरं हाये."

आईला काळ बदलला हे समजावत बसण्यात अर्थ नाही.

रविवार, २४ एप्रिल

औंढ्याला जाऊन आले. मुली मिळवायच्या तर घरोघर जायला हवं, आणि ते काम कमिटीतलं दुसरं कोण करणार? दमयंतीबाईंच्या मोटारीला औंढ्याचा रस्ता सोसत नाही म्हणे.

रखमाजी केदारी यांची रतन. वय सोळा. औंढ्याहून रोज लोणावळ्याला चालत येऊन सातवी झाली आणि केंद्रात पहिली आली. मी तिच्याबद्दल फार ऐकलं होतं. प्रत्यक्षात दाराआड उभी राहून पदराचं टोक चावणारी मुलगी निघाली. टोक ओलं झालं होतं. मला शिसारी आली.

रखमाजींनी मला घोंगडी अंथरली, स्वतः जमिनीवर बसले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"बाई, मळवलीचं सोयरं आलंय. पोरगा बंगल्यावर रखवालीला हाये. निर्व्यसनी. हुंडा बी मागत न्हाईत."

"रखमाजीआबा, त्यांना नाही म्हणून कळवा."

"आन् तुमच्या कालिजानंच पोरीला न्हाई म्हटलं तर?"

"नाही म्हणणार नाही. मी शब्द देते."

"तुमचा शब्द म्हंजी कालिजाचा शब्द का?"

"हो."

त्यांनी तंबाखू मळला, मळतच राहिले. आतून रतनच्या आईचा आवाज आला, "परत आसं सोयरं यायचं न्हाई, सांगून ठिवते." ती धोंडाबाई. बाहेर आली नाही.

"तुमी महिपतभाऊची लेक," रखमाजी शेवटी म्हणाले. "त्यो शब्दाचा मानूस. कळवतो त्यास्नी."

निघताना मी रतनला विचारलं, "तुला काय वाटतं? शिकून काय करायचंय?" मला वाटलं होतं, आता तरी ज्ञानाबद्दल, आपल्या बहिणींबद्दल काही बोलेल.

"मास्तरीण झाल्याव साळंची किल्ली माज्याकडं आसंल का, बाई?"

"किल्ली?"

"मास्तर लोनावळ्यास्नं येत्यात. न्हाई आलं का साळा बंद. पोरं पायरीव बसून घरी जात्यात. किल्ली माज्याकडं आसली तर मी रोज उघडंल."

दोन वर्षांचं शिक्षण, मोफत वसतिगृह, सगळं आयुष्य पुढं; आणि हिला हवी किल्ली. तरी हीच मुलगी घ्यायची. हिच्यातून माणूस घडवून दाखवीन.

रविवार, ८ मे

काल लेखी परीक्षा झाली. पेपर मी आणि रावबहादुरांनी तपासले. म्हणजे मी तपासले, आणि त्यांनी वर लाल पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा केल्या. रतन पहिली. पोस्टमास्तरांच्या मुलीनं गाईवर निबंध लिहिला तो इतका सुंदर आहे की तिनं गाय कधी जवळून पाहिली नसावी.

मळवलीला नकार गेला. रखमाजी आज बाजाराला आले होते, तेव्हा म्हणाले, "सांगितलं बगा. आता तुमी हाय आन् पोरगी हाय."

रतन त्यांच्याबरोबर होती. मी तिला घरी नेऊन तासभर शिकवलं. मान वर करून बोलायचं, पदर चावायचा नाही, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायचा. खुर्चीचं ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. कसोटी मी ठरवायची आणि उत्तरही मीच फोडायचं, यापरतं हलकं काम नाही. शिवाय सांगून बसली तर तो बाणा कसला?

आई म्हणाली, "तेवडं सांगून टाक की गं तिला."

शनिवार, १४ मे

तोंडी परीक्षा. अजून डोकं ठणकतं आहे.

खोलीत मोठं टेबल, त्यामागं आम्ही तिघं, समोर ती खुर्ची. नक्षीची, बंगल्यातून आणलेली. पोस्टमास्तरांची मुलगी आली, नमस्कार केला, बसली. वीस. क्लार्कची नलिनी आली, बसली, परकर सारखा केला, पाय जुळवून घेतले. वीस. तिला दमयंतीबाईंनी आवडता छंद विचारला. 'फुलं माळणं,' ती म्हणाली. अशा मुली जांभूळपाड्याच्या वाटेवरच्या शाळेत जाऊन राहणार म्हणे.

कामशेतच्या चाँदभाई तांदूळवाल्यांची खुर्शीदा आत आली. तिनं खुर्चीकडं पाहिलं, ओढणीनं ती स्वच्छ पुसली, आणि तिच्यामागं जाऊन उभी राहिली. कुणी मोठं माणूस यायचं आहे अशा थाटात! सगळी उत्तरं तिथूनच दिली, एकही चुकलं नाही. शून्य. नाणे गावाहून आलेली आणखी एक अशीच. शून्य.

मग रतन. मान वर, पदर जागेवर. ती खुर्चीपाशी थांबली. खुर्चीकडं पाहिलं, रावबहादुरांकडं पाहिलं, मग खिडकीकडं. खिडकीबाहेर सोप्यावर रखमाजी पागोटं बांधून उभे होते. एवढ्या लांबून लेकीला एकटी कशी पाठवणार म्हणून आलेले. ती खुर्चीच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली.

टेबल उंच होतं. रावबहादुरांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. "कुठं गेली?"

"हितं हाय," टेबलाखालून आवाज आला.

दमयंतीबाई पंख्याआड हसल्या. रावबहादूर टेबलावर ओणवे होऊन, विहिरीत डोकावल्यासारखे, प्रश्न विचारू लागले.

"वर्गात एखादं मूल रडायला लागलं तर काय करशील?"

"रडू देईन."

"आणि मग?"

"मंग इचारीन, काय झालं म्हून. रडताना इचारलं का आजून रडतं."

"अस्सं." त्यांनी उत्तराला भरपूर गुण दिले. खुर्चीच्या रकान्यात मात्र शून्य घातलं, माझ्यादेखत, आणि कागद सहीसाठी माझ्याकडं सरकवला. मी सही केली.

मला तिचा संताप आला आहे. तीन पावलांवर खुर्ची होती. लेखीत पहिली येणारी मुलगी, आणि एवढं कळत नाही? बापाकडं काय बघायचं होतं? यांच्यासाठी दार उघडलं तर या उंबऱ्यावरच बसणार.

मंगळवार, १७ मे

बेरजा झाल्या. जागा वीस. रतन तीन जागांनी बाहेर, खुर्शीदा आणि नाण्याची मुलगी तिच्या मागोमाग. यादीत आहेत त्या बहुतेक सगळ्या लोणावळ्याच्या, पक्क्या घरांतल्या. कामशेत बाजारातली एक आहे. तिच्या वडिलांचं हॉटेल आहे, खुर्च्यांचं.

"पाहिलंत," दमयंतीबाई म्हणाल्या, "आपण कुणालाही नाही म्हटलं नाही. आपोआप झालं."

मी म्हटलं, रतन केदारी लेखीत पहिली आहे, एकाच रकान्यानं ती जाते, पुन्हा बोलावून पाहू.

"मिस येवले," रावबहादूर म्हणाले, "कसोटी तुमचीच. आणि फार उत्तम कसोटी. मी खात्यात लिहिणार आहे तुमचं नाव घेऊन. आता आपल्याच नियमाला अपवाद मागायचा?"

कसोटी बरोबरच होती. मुलगी कमी पडली.

त्यांना ती आवडली कशी, एवढंच कोडं आहे. या दोघांना चांगली गोष्ट एरवी आवडत नाही.

गुरुवार, १९ मे

रखमाजी आले. यादी लागायची आहे, पण औंढ्यापर्यंत बातमी कुणी तरी पोचवली. घरात यायला तयार नव्हते, उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले.

"बाई, पोरगी बसली न्हाई म्हून नापास?"

"फक्त तेवढ्यामुळं नव्हे, आबा..."

"तेवड्यामुळंच म्हनत्यात."

"हो. तेवढ्यामुळंच."

"आन् बसली आस्ती, तर म्या तितंच आत येऊन तिच्या थोबाडीत दिली आस्ती." हे ते रागानं बोलले नाहीत. पावसाची वेळ सांगावी तसं बोलले. "म्हातारा मानूस म्होरं, बाप दारात. माजी पोरगी तशी न्हाई. तुमी आसली पोरगी मागत व्हता तर आदी सांगायचं व्हतं. म्या धाडलीच नसती."

मी म्हटलं, जग आता पुढं गेलंय, आबा.

"ग्येलं आसंल. मळवलीकर बी ग्येलं. त्यांनी टाकव्याला सुपारी फोडली." त्यांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. "कामशेतात एक बिजवर हाये. चाळिशीचा आसंल. दोन लेकरं. जेष्ठात उरकून टाकतो. पोरगी काय बोलत न्हाई. सातवीची पुस्तकं हुती, ती धाकट्याला दिली तिनं."

आईनं चहा आणला. त्यांनी घेतला नाही. उठताना म्हणाले, "तुमचा शब्द म्हंजी कालिजाचा शब्द, आसं म्हनला व्हता. म्या आपलं इचारलं व्हतं म्हून याद हाय."

अडाणी माणूस. लेक बिजवराला देईल, पण खुर्चीवर बसू देणार नाही. असल्या माणसांशी कुणी आणि किती डोकं फोडायचं?

जेवण गेलं नाही.

सोमवार, २३ मे

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

रावबहादूर उद्या पुण्याला जाणार, दमयंतीबाई मुंबईला. बंगला दिवाळीपर्यंत बंद. जाण्याआधी रावबहादुरांना 'मावळातल्या पदवीधर मुलीचं घर' पाहायचं होतं, अहवालात एक परिच्छेद घालायला. त्यांनी काल सांगावा धाडला आणि आमच्या घरात लग्नघर झालं. आईनं गोधड्या उचलल्या. तात्यांनी वेताची खुर्ची तेलपाण्यानं पुसली, आणि एक कमी पडेल म्हणून स्टेशनवरून दुसरी मागून आणली.

ते आले, वेताच्या खुर्चीवर बसले. "वा. साधं पण स्वच्छ." आईनं चहा पुढं केला. "आत्ताच घेऊन निघालो," ते म्हणाले. तात्या हात बांधून भिंतीशी उभे होते, शेडचा धुतलेला सदरा घालून. मी दाराशी.

"बसा ना, मिस येवले."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी तात्यांना शेडबद्दल विचारलं. तात्या 'व्हय साहेब' म्हणत राहिले. मग पुन्हा माझ्याकडं वळून, "बसा की, उभ्या का?"

"बसते."

कामाचं बोलणं झालं. त्यांनी एक लिफाफा काढला. आत कॉलेजचे छापील कागद होते, वर मथळा, खाली दोघांच्या सह्या, मधे कोरं. "बेरजा एकदा पडताळा, यादी लिहून काढा आणि एक जूनला लावा. आता आम्ही कुठं पुन्हा जमणार? तुमचं गणित पक्कं आहे." मी लिफाफा उभ्यानंच घेतला. त्यांची टोपी आणि काठी हातात अडचण करत होती. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि ती स्टेशनवरून आणलेल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

ते गेल्यावर आई गोधड्या परत खुर्चीवर रचू लागली.

"सरू," ती पाठमोरीच म्हणाली, "मंग तुला किती मार्क पडलं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी अजून दाराशीच उभी होते.

तात्या उभे असताना मी कशी बसले असते? हा विचार मी केलाही नव्हता. करावा लागतच नाही, अंगच करतं. आणि पुण्याच्या प्रिन्सिपॉलबाईंसमोर मी बसले होते, ते आपल्या मनानं नव्हे. त्या तीनदा 'बस' म्हणाल्या, मग उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला खाली दाबलं. हे मी सगळ्यांना सांगताना गाळत आले. लबाडीनं नाही. खरंच विसरले होते.

आता दमयंतीबाईंचा मिटलेला पंखा आठवतो. रावबहादुरांनी एका क्षणात उच्चाराचं कलम का खोडलं, तेही कळतं. त्यांना मी मूर्ख समजत होते. त्या सोप्यावर एकच मूर्ख होतं आणि ते बी.ए. झालेलं होतं.

बुधवार, २५ मे

हट्टानं गोधड्या काढून वेताच्या खुर्चीवर बसले. म्हटलं, तात्या येईपर्यंत बसून राहायचं, ते आले तरी उठायचं नाही. एवढं ठरवून, मुद्दाम, दारं उघडी टाकून.

जिन्यावर त्यांचा खोकला ऐकू आला आणि मी चुलीपाशी होते. कधी उठले, कशी गेले, कळलं नाही.

तात्यांनी मोकळी खुर्ची पाहिली, मला पाहिलं. "बस की. माज्यासाटी उठली व्हय?"

"नाही."

"मंग बस."

मी बसले नाही. बसता आलं नाही.

"पायात गोळं आल्यात का गं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

बुधवार, १ जून

यादी लावली.

खुर्चीचा रकाना मी आडव्या रेघेनं खोडला. बाकी एकाही गुणाला हात लावलेला नाही. तो रकाना सोडून बेरजा पुन्हा केल्या. रतन केदारी पहिली. खुर्शीदा चौथी. नाण्याची मुलगी आत, शेवटून दुसरी. ही यादी सह्या केलेल्या छापील कागदावर उतरवली आणि खाली लिहिलं: 'आत्मविश्वासाचे गुण धरलेले नाहीत. ती कसोटी चिटणिसांनी सुचवली होती. ती चुकीची होती, आणि स्वतः चिटणीस तीत नापास झाल्या आहेत.' खाली माझी सही केली.

यादीच्या दोन नकला, एक पुण्याला, एक मुंबईला, सकाळीच टपालात टाकल्या. लपवाछपवी नको.

तीन मुली आल्या तशा तीन गेल्या. त्यात नलिनी. ती आईबरोबर फळ्यापाशी आली, नावं दोनदा वाचली आणि माझ्याकडं वळली. डोळे भरले होते. "बाई, मी नीट बसले होते ना?"

"नीट बसली होतीस," मी म्हटलं. तिच्या फुलं माळण्याला मी हसले होते. आज हसू आलं नाही. तिच्या आईनं मात्र मला पाहून घेईन म्हणून सुनावलं, तेव्हा बरं वाटलं.

काय होईल ते माहीत आहे. रावबहादूर लांबलचक पत्र लिहितील, दमयंतीबाई आपली फसवणूक झाली म्हणून चारचौघींत सांगतील. दोघंही पावसात इकडं येणार नाहीत. दिवाळीत येतील तेव्हा मला काढतील. मुलींना काढायला मात्र कारण लिहून द्यावं लागेल, आणि 'या मुली वडीलधाऱ्यांसमोर खुर्चीवर बसल्या नाहीत' एवढं कागदावर लिहायला दोघांपैकी एकाचाही हात उचलणार नाही. तोंडानं बोलायचं नाही म्हणून तर त्यांना ती कसोटी आवडली होती.

परवाच औंढ्याला जाऊन रखमाजींना सांगून आले होते. मला घोंगडी अंथरली नाही. मी जमिनीवर बसले. ते म्हणाले, "ह्यो बी शब्दच का?" मी म्हटलं, "नाही आबा. यादी लागली की तुम्ही स्वतः येऊन कुणाकडून तरी वाचून घ्या. मगच पोरीला आणा." बिजवराला त्यांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. आज ते आले, आधी पोस्टमनकडून यादी वाचून घेतली, मग पानाच्या ठेल्यावरच्या माणसाकडून. मग सोप्यावर बसलेल्या रतनकडं पाहून मान हलवली. तिच्याजवळ वळकटी होती. सातवीची पुस्तकं धाकट्याकडून परत घेतली म्हणाली. त्यानं एक फाडलंय.

तोंडी परीक्षेची ती नक्षीची खुर्ची मी बंगल्याच्या नोकराकडं परत पाठवली. वर्गात सतरंज्या घातल्या आहेत. शिकवणारीही सतरंजीवरच बसेल, म्हणजे दिवाळीपर्यंत मी.

सोमवारी वर्ग सुरू. वर्गाचं दार रोज उघडायचं काम रतनचं. किल्ली सकाळीच तिच्या हातात दिली.